सातव्या पॅडवरचा आजोबा

मुंबई-पुणे रेल्वेने ये-जा करणाऱ्या बहुतेकांनी 'ठाकुरवाडी' ही पाटी पाहिलेली असते. गाडी कर्जत सोडते, मागे बँकर इंजिनं लागलेली असतात, हातातला वडापाव संपत आलेला असतो, आणि पळसदरी गेल्यावर घाटात कुठेतरी ही पाटी खिडकीतून मागे जाते. तिथे उतरणारा माणूस मी तरी कधी पाहिलेला नाही. पण कर्जत-खालापूर भागात ठाकुरवाडी एकच नाही, बऱ्याच आहेत. डोंगराच्या पायथ्याशी किंवा माचीवर ठाकर समाजाची वस्ती असली की ती ठाकुरवाडी. त्यातल्या एका वाडीत आमचा ट्रेकचा ग्रुप गेली सात-आठ वर्षं जेवायला थांबतो. (नेमकी कुठली ते सांगत नाही. लग्नघरची माणसं आहेत, त्यांना न विचारता इथे कशाला आणा?)

तर गेल्या मे महिन्यात तिथल्या काकूंचा फोन आला. "पोरीची हळद हाय. ट्रेकला येता तसंच या, फक्त बॅगा आणू नका." आता रायगडात हळद म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. आणि ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना लिहून कळणार नाही. लग्न दुसऱ्या दिवशी असतं, पण खरा कार्यक्रम हळदीचाच! आम्ही चौघं गेलो.

पण आजचा विषय हळद नाही. विषय आहे मांडवाच्या कोपऱ्यात, स्टँडवर ठेवलेली एक काळी चपटी पेटी. वर आठ रबरी पॅड, चार-चारच्या दोन ओळी. त्यातल्या दोन पॅडांवरचं रबर घासून गुळगुळीत झालेलं, आणि एका कोपऱ्याला इन्सुलेशन टेप. पेटीवर नाव रोलँड, मॉडेल एसपीडी-२०. आपल्याकडे तिला म्हणतात ऑक्टोपॅड, किंवा नुसतंच 'पॅड'. मागे विशीतला एक मुलगा, हातात दोन काठ्या. शेजारी एक बेंजोवाला आणि एक कॅसिओवाला. (कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, तो कॅसिओच. जसा वनस्पती तुपाचा डबा कुठल्याही कंपनीचा असो, तो डालडाच.)

मी आयटीत आहे आणि शनिवार-रविवारी घरी जुन्या सॅम्पलरवर खुडबुड करत बसतो. त्यामुळे नवरी सोडून मी त्या पेटीकडेच बघत राहिलो. एसपीडी-२० हे मॉडेल १९९८ चं. म्हणजे ती पेटी वाजवणाऱ्या मुलापेक्षा वयाने मोठी असण्याची शक्यता बरीच! आपल्या हाताखालून १९९८ पासून किती फोन, किती कॉम्प्युटर गेले आठवून बघा. मग ही पेटी अजून मांडवात कशी? आणि तिकडे न्यूयॉर्क, लंडनमध्ये लोक हिच्याच काळातली आणि हिच्याही आधीची यंत्रं लाखांत का विकत घेतात? या प्रश्नाने माझं डोकं त्या रात्रीपासून खाल्लं, म्हणून हा लेख.

आधी थोडा इतिहास.

सॅम्पलिंग म्हणजे खऱ्या आवाजाचा तुकडा कापून घ्यायचा आणि तो वाद्यासारखा वाजवायचा. ही कल्पना कॉम्प्युटरच्या आधीची आहे. १९६३ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये मेलोट्रॉन नावाचं वाद्य निघालं. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत असायची, साधारण आठ सेकंदांची. पट्टी दाबली की फीत सरकायची आणि बासरी ऐकू यायची. आठ सेकंद झाले की बासरी बंद! बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'च्या (१९६७) सुरुवातीची बासरी हीच.

मग १९७९ मध्ये सिडनीच्या पीटर व्होगेल आणि किम रायरी या जोडीने फेअरलाइट आणलं. त्यात टेप नाही, आवाजाचे आकडे. पण किंमत अशी की मोठ्या स्टुडिओंनी आणि मोठ्या स्टार्सनीच घ्यावं. १९८० मध्ये रॉजर लिनने खऱ्या ड्रमचे सॅम्पल भरलेलं पहिलं ड्रम मशीन काढलं. १९८१ मध्ये ई-मू कंपनीचा इम्युलेटर आला. किमती उतरत गेल्या, आणि दशकाच्या मध्यावर कॅसिओने एसके-१ नावाचा खेळण्यातला सॅम्पलरच बाजारात आणला. आमच्या शेजारच्या गल्फवाल्या काकांनी तो आणला होता. त्यात तोंडाने "ए" म्हटलं की पट्टीपट्टीवर तो "ए" वेगवेगळ्या सुरात वाजायचा. आम्ही पोरांनी त्यात काय काय रेकॉर्ड केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. :-) नंतर कधीतरी मी त्याचा हिशोब केला. आठ बिट, सेकंदाला सुमारे ९,३८० नमुने, वेळ १.४ सेकंद. म्हणजे सगळे मिळून १३ केबी. आज व्हॉट्सॲपवर येणारा 'शुभ सकाळ'चा फुलांचा फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो.

पण ज्या यंत्रांची नावं आजही लोक आदराने घेतात ती दोन. पहिलं ई-मूचं एसपी-१२०० (१९८७), आणि दुसरं अकाई कंपनीसाठी त्याच रॉजर लिनने बनवलेलं एमपीसी-६० (१९८८), ज्याच्यावर चार बाय चार असे सोळा पॅड होते. दोन्ही १२ बिटची. आता १२ बिट म्हणजे काय? आवाजाची उंची मोजायला ४,०९६ पायऱ्या. सीडीला १६ बिट असतात, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. एसपी-१२०० सेकंदाला २६,०४० नमुने घ्यायचं, सीडीच्या ४४,१०० च्या जवळजवळ साठ टक्के. एकूण वेळ सुमारे दहा सेकंद, आणि एका आवाजाला जास्तीत जास्त अडीच! मी गुणाकार केला, तर सगळी मेमरी ३९० केबीच्या आसपास भरते. आणि वीज गेली की ती कोरी. म्हणून सगळं फ्लॉपीवर उतरवून ठेवायचं.

अडीच सेकंदात काय गाणं बसणार? न्यूयॉर्कच्या पोरांनी यावर जी शक्कल काढली ती मला आजही कुठल्याही हुशार अल्गोरिदमपेक्षा जास्त आवडते. ३३ च्या स्पीडची एलपी ते ४५ वर लावायचे. गाणं पळायचं, सूर चढायचा. तसंच ते मशीनमध्ये घ्यायचं आणि आत गेल्यावर परत खाली ओढून मूळ वेगावर आणायचं. अडीच सेकंदांत जवळजवळ ३.४ सेकंदांचं संगीत! पण फुकट काही मिळत नाही. खाली ओढताना आवाज खरखरीत व्हायचा, वरचे स्वर चुकीच्या जागी उमटायचे, सगळ्यावर एक धुळकट साय यायची. इंजिनिअरिंगच्या भाषेत हा दोषच. पण त्या पोरांच्या गाण्यांचा तोच आवाज झाला. आज हजारो रुपयांची सॉफ्टवेअरं फक्त तो दोष परत आणण्यासाठी विकली जातात. ई-मूच्या संस्थापकांपैकी एक, डेव्ह रॉसम, यांच्या नव्या कंपनीने २०२१ मध्ये एसपी-१२०० पुन्हा बनवून विकायला काढलं. तेच १२ बिट, तोच खरखराट. डेट्रॉईटचा निर्माता जे डिला (१९७४-२००६) याचं एमपीसी-३००० तर वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास संग्रहालयात ठेवलेलं आहे.

या आवडीमागचं नेहमीचं उत्तर म्हणजे 'जुन्या आवाजाची ऊब' आणि नॉस्टॅल्जिया. मलाही परवापरवापर्यंत तेच वाटायचं. पण ठाकुरवाडीतल्या त्या विशीतल्या मुलाला १९९८ चा कसला आलाय नॉस्टॅल्जिया?

आता आपल्या पेटीकडे येऊ. ऑक्टोपॅडची गोष्ट जपानमध्ये सुरू होते. इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ मध्ये ओसाकात रोलँड कंपनी काढली. १९८५ मध्ये त्यांनी पॅड-८ आणलं, नाव ऑक्टापॅड. ('ऑक्टो' आपण केलं. आपल्याकडे आलं की नावसुद्धा थोडं बदलावं लागतं.) गंमत म्हणजे या पहिल्या ऑक्टापॅडमध्ये स्वतःचा एकही आवाज नव्हता. आपटायचं याच्यावर, आणि आवाज मिडीच्या वायरीने दुसऱ्या पेटीतून यायचा. पुढच्या मॉडेलांत आवाज आत आले, आणि १९९८ च्या एसपीडी-२० मध्ये ते ७०० झाले. ड्रम, काँगा, टिंबाली, घंटा, काय काय. पॅच ठेवायला ९९ जागा. पण एक गोष्ट या पेटीला येत नाही, ती म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणं. कंपनीने जे ७०० तुकडे भरून दिले तेवढेच. २००३ च्या एसपीडी-एसला आणि नंतरच्या एसपीडी-एसएक्सला ते येतं. वीसला नाही.

तरीही ऑर्केस्ट्रापासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत महाराष्ट्रात घर केलं ते वीसनेच. इतकं की दोन दशकांनंतर रोलँडने एसपीडी-२० प्रो नावाचं नवं मॉडेल काढलं, आणि त्यात जुन्या वीसचे आवाज ठेवले. जगातल्या कुठल्याही प्रॉडक्ट मॅनेजरला विचारा, जुनं आवडणारा ग्राहक त्याला डोकेदुखी वाटतो. इथे कंपनीच ग्राहकाच्या मागे आली.

आणि हे आपल्याकडे पहिल्यांदा घडलेलं नाही. मांडवात त्या पॅडच्या शेजारी जो बेंजो वाजत होता त्याचं मूळ माहीत आहे? अमेरिकन बँजोशी त्याचा फक्त नावापुरता संबंध. १९१२ मध्ये जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवून एक वाद्य बनवलं, ताइशोगोतो. ते समुद्रमार्गे सगळीकडे पसरलं. हिंदुस्थानात बुलबुलतरंग झालं, बलुचिस्तानात बेंजू झालं, आणि मुंबई-कोकणात त्याला पिकअप लावून, ॲम्प्लिफायरला जोडून आपण 'बेंजो' केलं. आज बेंजो पार्टीशिवाय लालबागची मिरवणूक किंवा कोळीवाड्यातली हळद कल्पनेत येत नाही. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये त्यावर 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमाही काढला. म्हणजे त्या मांडवातली दोन मुख्य वाद्यं जपानी, एक १९१२ चं आणि एक १९९८ चं. आणि वाडीतल्या कुणालाही विचारलं तर ती आपलीच.

"हे खरं वाद्य नव्हे" हा आरोपही जुनाच आहे. फ्रान्समध्ये जन्मलेल्या हार्मोनियमवर ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये बंदी घातली होती, ती १९७१ मध्ये सैल झाली. कारण काय, तर पेटीला मींड येत नाही, तिचे स्वर ठोकळ्यासारखे. तोवर तमाशा, कीर्तन आणि संगीत नाटक पेटीवरच उभं होतं, ही गोष्ट वेगळी.

असो. परत मांडवात.

जेवणाच्या वेळी वाजवणारे जरा थांबले तेव्हा मी त्या मुलाजवळ गेलो. म्हटलं, मला पण यातलं थोडं कळतं. गाडीत लॅपटॉप होता. (हो, हळदीला लॅपटॉप. रविवारी रिलीज होतं. आयटीवाल्यांना कळेल.) म्हटलं, "माझ्याकडे हलगी, संबळ, डिमडी, सगळ्याचे एक नंबर रेकॉर्ड केलेले आवाज आहेत. तुझी पेटी याला जोडतो, बघ कसं वाजतंय."

त्याने नम्रपणे दोन मिनिटं वाजवून पाहिलं. मग काठ्या खाली ठेवल्या. "दादा, आवाज भारी हाय. पण मागून येतोय."

मागून म्हणजे उशिरा. त्याचं बरोबर होतं! माझ्या लॅपटॉपचं बफर ५१२ वर होतं. म्हणजे काठी पडल्यापासून आवाज निघेपर्यंत नुसत्या बफरमध्ये ११.६ मिलिसेकंद. ऑफिसात वेबपेज २०० मिलिसेकंदांत उघडलं की आम्ही एकमेकांची पाठ थोपटतो. पण आवाज तेवढ्या वेळात चार मीटर जातो. म्हणजे त्याच्या हातासमोरची हलगी मी उचलून चार मीटर लांब नेऊन ठेवली होती. बफर कमी केलं तर लॅपटॉप फटफट करायला लागला. मी गुपचूप वायर काढली.

मग त्याने पिशवीतून एक वही काढली. शाळेची दोनशे पानी, कव्हरवर सचिन. आत पानापानावर कोष्टकं. पॅड नंबर, आवाज नंबर, पिच, डीके, लेव्हल, पॅन. प्रत्येक पानाला नाव. 'हलगी', 'हलगी मोठी', 'नाशिक', 'कोळी फास्ट', 'आरती'. पेटीत हलगी नाहीच. पण एक टिंबाली घ्यायची, पिच इतका चढवायचा, डीके इतका आवळायचा, खाली दुसरा एक आवाज चिकटवायचा, आणि काठी पॅडच्या कडेला मारायची. झाली हलगी. यूट्यूबवर 'एसपीडी-२० पॅच' असं शोधून बघा, महाराष्ट्रभरची पोरं हेच करताना दिसतील. मी आयुष्यात बऱ्याच रिपॉझिटरी पाहिल्यात, पण निळ्या पेनातला एवढा स्वच्छ कोड क्वचितच पाहिलाय. खोडलेल्या ओळीसुद्धा वाचता येतील अशाच खोडलेल्या. म्हणजे व्हर्जन कंट्रोलही होतं!

एका पानावर नाव होतं 'आजोबा'. त्या पानावर फक्त सातव्या पॅडच्या ओळी, आणि त्या मोजून एकतीस, शेवटची सोडून सगळ्या खोडलेल्या.

"हे काय रे?"

"आमच्या आज्याचा ढोल," तो म्हणाला. "तीन वर्षं लावतोय. अजून पुरता नाय लागला."

ठाकर आणि ढोल हे नातं आपल्याला शहरात बसून माहीत आहे ते बहुधा 'जैत रे जैत'मुळे. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, आणि जब्बार पटेलांचा १९७७ चा सिनेमा. कर्नाळ्याच्या सुळक्याखालची ठाकरवस्ती, आणि नायक नाग्या हा ढोलिया. त्या गोष्टीत ढोल नुसता साथीला नाही, सगळी वस्ती त्याच्याभोवती उभी आहे. पण सिनेमा संपला की आपण घरी येतो. खरे ढोलिये तिथेच राहतात आणि म्हातारे होतात.

रात्री दहाला साउंड बंद झाला. (२००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम. वाडीत पोलीस येतील असं नव्हतं, पण साउंडवाल्याला परतीच्या वाटेवर पोलीस चौकी लागत होती.) स्पीकर थांबल्यावर कानात एक पोकळी होते, तिच्यातच ढोल सुरू झाला. आजोबा ओट्यावर बसले होते. वय ऐंशीच्या आसपास असावं. बायका अंगणात फेर धरून गायला लागल्या. (नियम काटेकोर वाचला तर ढोलही त्यात बसतो. पण तक्रार करायला आजूबाजूला फक्त डोंगर होता.) पोरगा पेटीची वायर गुंडाळत होता, पण त्याचं लक्ष आजोबांच्या डाव्या हाताकडे होतं.

सकाळी मी आजोबांना विचारलं, ढोल रेकॉर्ड करू का. ते म्हणाले, "कर की. पर ठोका घेऊन काय करशील?"

प्रश्न साधा होता. मी काहीतरी उत्तर दिलं आणि फोनला माईक लावून दहा-बारा ठोके घेतले. पुण्याला परतल्यावर त्यातला सगळ्यात चांगला ठोका निवडून माझ्या एमपीसी-२००० मध्ये भरला. हे १९९७ चं मॉडेल, फ्लॉपीवालं. एका फ्लॉपीत एकेरी चॅनेलचा सीडीच्या दर्जाचा आवाज बसतो सोळा सेकंद, त्यामुळे अख्खा ढोल मजेत मावला. पॅड दाबला. अहाहा! तोच ओटा, तोच घुमारा. दुसऱ्यांदा दाबला, तोच. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, तोच. आठव्या वेळेला मला तो ऐकवेना. रात्री अंगणात दोन तास ढोल ऐकताना एकदाही कंटाळा आला नव्हता, कारण एकही ठोका पहिल्यासारखा नव्हता. मी ढोल आणला नव्हता, ढोलाचा फोटो आणला होता.

आणि तेव्हा मला ग्रेगरी कोलमन आठवला.

द विन्स्टन्स नावाच्या अमेरिकन बँडने १९६९ मध्ये एक रेकॉर्ड काढली. तिच्या मागच्या बाजूला 'अमेन, ब्रदर' नावाचं गाणं होतं. त्यात मध्येच सगळे थांबतात आणि ड्रमर ग्रेगरी कोलमन एकटा चार मात्राचक्रं वाजवतो. सहा-सात सेकंद. १९८० च्या दशकात सॅम्पलर आले आणि हा तुकडा सगळ्यांनी उचलला. हिप-हॉपमध्ये आला, इंग्लंडमध्ये जंगल आणि ड्रम-अँड-बेस हे संगीतप्रकार जवळजवळ त्याच्यावर उभे राहिले. हजारो गाणी! कोलमनला त्याचा एक पैसा मिळाला नाही. २००६ मध्ये तो अटलांटात वारला, तेव्हा त्याला राहायला घरही नव्हतं. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला २४,००० पौंड दिले. कोलमन तोवर नव्हता.

"ठोका घेऊन काय करशील?" हा प्रश्न मला आता वेगळा ऐकू यायला लागला. सॅम्पलरचा इतिहास लिहिताना आपण बिट आणि मेगाबाइट मोजतो, पण पहिल्यापासून हा इतिहास 'घेण्याचा' आहे. कुणाच्या तरी हाताचा तुकडा घ्यायचा. मग जे घेतलं त्याच्यावर स्वतःची किती मेहनत चढवली, यावरून चोर आणि वादक वेगळे होतात. एसपी-१२०० वर अडीच सेकंदांत गाणं बसवणाऱ्या पोरांना प्रत्येक ठोका कुठे कापायचा, किती ओढायचा, हे कान देऊन ठरवावं लागत होतं, कारण मशीन काहीच फुकट देत नव्हतं. मला वाटतं जुन्या यंत्रांची खरी ओढ इथे आहे. ती कमी देतात, आणि ती बदलत नाहीत. कमी देतात म्हणून उरलेलं तुम्हाला घालावं लागतं. बदलत नाहीत म्हणून घातलेलं वाया जात नाही.

हे दुसरं मी धंद्यामुळे जास्त जाणतो. आम्ही दर दोन आठवड्यांनी काहीतरी बदलतो आणि त्याला सुधारणा म्हणतो. २०११ मध्ये बहिणीच्या लग्नासाठी मी कॉम्प्युटरवर एक गाणं रचलं होतं. मागच्या वर्षी ती फाईल उघडायला गेलो तर सॉफ्टवेअर म्हणालं, अमुक प्लगिन नाही, तमुक आवृत्ती चालत नाही. बारा-तेरा वर्षांत माझं स्वतःचंच गाणं मला वाचता येईना. तिकडे १९९८ च्या पेटीतला प्रत्येक आवाज आजही त्याच्या त्याच नंबरला आहे, आणि उद्या कुणी दुसरी वीस आणली तर तिच्यातही तिथेच असेल. म्हणून तर शाळेच्या वहीत कोड लिहून ठेवता येतो. हाताला एखादी गोष्ट शिकायला दहा वर्षं लागतात. तेवढा वेळ जी जागची हलत नाही तीच वाद्य होऊ शकते, मग ती नागोयाची असो नाहीतर ओसाकाची.

आणि त्या मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. त्याच्या पेटीला आजोबांचा ठोका घेताच येत नाही. एसपीडी-एसएक्स असता तर पाच मिनिटांत काम झालं असतं, मी केलं तसं. घेता येत नाही म्हणून त्याला तीन वर्षं ऐकावं लागलं. ढोल कुठे वाजतो, घुमारा किती वेळ राहतो, डावा हात कधी दाबतो, कधी सोडतो. एकतीस ओळी, तीस खोडलेल्या. ढोल पेटीत उतरला की नाही माहीत नाही, पण पोराच्या कानात उतरलाय हे नक्की.

पावसाळ्याआधी मी पुन्हा वाडीत गेलो. माझ्याकडची रेकॉर्डिंगं एका पेनड्राइव्हवर टाकून काकूंकडे दिली, कारण ती त्यांच्या घरची आहेत. माझ्या एमपीसीतून तो ठोका काढून टाकला. मग त्या मुलाला म्हटलं, वहीचा बॅकअप घेऊया, पावसात भिजली तर सगळं जाईल. घराघरात पाणी गळतं, मला माहीत आहे. ओट्यावर बसून आम्ही एकेका पानाचा फोटो काढला. 'हलगी', 'नाशिक', 'कोळी फास्ट', सगळी. आजोबा शेजारी बसून विड्या ओढत होते.

'आजोबा'चं पान आलं. तेव्हा बघितलं तर बत्तिसावी ओळ आली होती, आणि एकतिसावी खोडलेली.

"आता लागला का?" मी विचारलं.

त्याने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी मान हलवली. उभी नव्हे, आडवी. पोरगा हसला आणि म्हणाला, "दादा, ह्या पानाचा फोटो नको आत्ता. झाल्यावर काढ."